रात्रपाळीनंतरचा वर्ग

आठच्या मिस्सानंतर चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी पहिल्या कम्युनियनच्या मुलांना शिकवते.
वडगाव शेरी. बाहेर पाण्याचे टँकर,
आत एकोणीस मुलं आणि एकच पंखा,
तोही माझ्याकडे तोंड करून बसवलेला.

आठवडाभर मी फॉल-पिको करते.
शिक्षण बारावी. धर्माचं म्हणाल तर
आईनं जपमाळ ओढता ओढता दिलं तेवढंच.
फादर म्हणाले, सेलिना, तू घे हा वर्ग.
मी म्हणाले, मी?
ते म्हणाले, दुसरं कोण आहे?
बोलावणं असंही येतं.

पुस्तकात प्रश्न : संत कोणाला म्हणावे?
उत्तर चार ओळींचं. मुलांनी घडाघडा पाठ केलं.
पाठ झालेलं कुठं जातं ते मला ठाऊक आहे,
माझंही तिथंच गेलं होतं.

मागच्या बाकावर बर्नाबास ओहोळ काका.
खराडीच्या एका सोसायटीत रात्रीचे वॉचमन.
सुटले की थेट मिस्साला, मग नातवाला घेऊन इथं,
आणि युनिफॉर्मातच झोप :
टोपी गुडघ्यावर, तोंड उघडं.
मला राग यायचा, खरं सांगते.

एका रविवारी मी संतांची नावं विचारत होते,
तर डोळे मिटूनच म्हणाले,
"आमच्या लाइनीतला पण एक आहे."
आणि इन-आउट रजिस्टरच्या फाटक्या पानात गुंडाळलेलं
एक चित्र काढलं. किल्ल्यांचा जुडगा घेतलेला म्हातारा.

"अल्फोन्सस. स्पेनचा. कापडाचा धंदा होता, बुडाला.
बायको गेली, लेकरं गेली.
थोराड वयात शाळेत बसला, तेही जमेना.
मग मठाच्या दारावर ठेवला. चाळीसेक वर्षं.
कडी वाजली की म्हणायचा, येतो हं, प्रभू.
कोण आलंय ते बघायच्या आधी."

अनुग्रह म्हणाला, "म्हणजे देव पिझ्झा घेऊन येतो?"
"येतो की. रात्री दीडला. हेल्मेट घालून.
फ्लॅट नंबर चुकलेला असतो त्याचा.
मी पाणी देतो.
आधी नव्हतो देत."

ते शेवटचं वाक्य मी घरी नेलं,
ब्लाउजच्या मापांच्या वहीत लिहून ठेवलं,
छाती चौतीस, बाही नऊ, याच्या खाली.

पुढच्या रविवारी सगळ्यांना सांगायचं होतं.
कुणी सिलिंडरवाल्याला उघडलं, कुणी न आवडणाऱ्या आत्याला.
रोशेल शेवटी बोलली, वहीकडे बघत :
"टीचर, रात्री पप्पा दार वाजवत होते.
मी म्हणाले, येते हं, प्रभू.
पण उघडलं नाही. मम्मी नको म्हणाली.
ते पिऊन आले होते.
पाप लागलं का?"

पुस्तक माझ्या हातात होतं.
त्यात हे पान नव्हतं.

काका उठले. टोपी घातली,
गेटवर उभे राहतात तसे उभे राहिले.
"नाही लागलं, बाळ.
वॉचमन नुसता उघडायला नसतो.
कुणाला कधी आत घ्यायचं नाही, हेही त्यालाच बघावं लागतं.
तू येते म्हणालीस ना? दारामागं उभी होतीस ना?
आता कडी धरायला आम्ही येतो."

त्या दुपारी आम्ही तिघं गेलो,
मी, काका, आणि ससूनमधून रिटायर झालेल्या मार्गारेटबाई.
काय बोललो ते इथं सांगणार नाही.

काका अजूनही झोपतात वर्गात.
पंखा मी त्यांच्याकडे वळवलाय.
मुलं अजून हसतात.
पण कुणी उशिरा येऊन शेडचं दार ढकललं की
माझ्या तोंडून आधी निघायचं, "किती वाजले?"
हल्ली जीभ तिथवर जाते,
आणि थांबते.